आईंना पाठवाल का?

४ फेब्रुवारी

ती. बाबांना नमस्कार,

मी तुमची सून. अक्षर ओळखीचं नाही म्हणून आधीच सांगते, नाहीतर चुकून आलंय म्हणून पोस्टमनला परत कराल. आपण एकदाच भेटलो, लग्नाची नोंदणी करून आम्ही दोघं तुमच्या दारात उभे राहिलो तेव्हा. तुम्ही "बसा" म्हणालात आणि आईंनी पाणी दिलं. त्या दिवसापासून तुमचा आणि तुमच्या मुलाचा जो अबोला सुरू झालाय, तो दोन वर्षं झाली तरी चालूच आहे. एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा असे तुम्ही दोघं. म्हणून मीच लिहिते. फोन केला असता, पण लेथ मशीनच्या आवाजानं तुमचे कान गेले असं हा सांगतो, आणि शेजाऱ्यांच्या फोनवर आई हल्ली येत नाहीत.

बातमी अशी की तुम्ही आजोबा होणार. जुलैत.

आमचं बरं चाललंय. हा लिफ्ट दुरुस्तीला जातो, मी लाँड्रीच्या काउंटरवर बसते. एक खोली आणि ओटा, चौथ्या मजल्यावर. जगाच्या लिफ्टा चालू करणारा माणूस स्वतः रोज चार जिने चढतो, कारण आमच्या इमारतीला लिफ्टच नाही. बाळासाठी नवीन काही विकत घ्यायचं नाही असं आम्ही ठरवलंय. लाँड्रीत वर्ष वर्ष कुणी न्यायला न आलेले कपडे मालकीण काढून टाकते, त्यातल्या सुती चादरी तिनं मला दिल्या. इतक्या वेळा धुतलेल्या की लोण्यासारख्या मऊ झाल्यात. त्यांचेच लंगोट आणि दुपटी शिवतेय. कपडे भिजवायचा टब तोच बाळाच्या अंघोळीचा. पलंगाऐवजी आमची गादी भिंतीला लावली की झालं.

एकच गोष्ट चादरीतून शिवता येत नाही, ती म्हणजे माणूस. मालकीण माझी जागा तीन महिनेच राखून ठेवणार. मला आई नाही. बाळाला सांभाळायला बाई ठेवायची तर माझा पगार तिच्याच हातावर ठेवायचा. आईंना पाठवाल का? थोडेच महिने. आईंना गादी देऊ, आम्ही खाली झोपू.

याला न सांगता लिहितेय. त्याला कळलं तर म्हणेल, मी मेलो तरी बाबांकडे काही मागणार नाही.

तुमची सून

*

१५ फेब्रुवारी

चि. सूनबाईस आशीर्वाद,

पत्र परत केलं नाही. उशाशी ठेवलंय.

तुझ्या सासूला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कुणाला दिवस गेलेत?" मी म्हटलं, आपल्या सुनेला. मग हसली आणि लोकर काढून विणायला बसली. ढब्बूच्या वेळीही अशीच बसली होती. ढब्बू म्हणजे तुझा नवरा. हे नाव त्यानं तुला सांगितलं नसणार. जन्मला तेव्हा एवढा गुबगुबीत होता की नर्स म्हणाली, हा तर पोटातून जेवूनच आलाय. आता म्हणे काडी पहिलवान झालाय.

टबाचं लिहिलंस. तो पत्र्याचा असेल तर कड हातानं चाचपून बघ. कुठे धार लागली तर कानस घेऊन गोल घास, वरून चिंधी शिव. तीस वर्षं लोखंड तासलं, म्हणून सांगतो, पत्रा दिसतो त्याहून दुष्ट असतो.

हिच्या येण्याचं बघू. गुडघे धरलेत तिचे. चार मजले झेपायचे नाहीत.

ढब्बूला यातलं काही बोलू नकोस. माझा राग गेला असं वाटायला नको त्याला.

बाबा

*

१० मार्च

ती. बाबांना नमस्कार,

पार्सल मिळालं! याच्यासमोरच आलं, त्यामुळे आपलं गुपित फुटलं. आधी तोंड फुगवून बसला. मग आतून पिवळं स्वेटर निघालं, ते हातात घेतलं आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. "हा टाका आईचाच," म्हणाला.

आणि बाबा, त्याला तीन बाह्या आहेत! दोन जागच्या जागी आणि एक पाठीवर. आम्ही हसून हसून बेजार. हा म्हणतो, आईनं जास्तीची बाही लावून पाठवलीय, एक मळली की दुसरी फिरवून घ्यायची. आईंना सांगा, एवढी मस्करी करता येते तर गुडघ्यांचं काय घेऊन बसलात! वरच्या मजल्यावरचे काका-काकू गावाला जाणार आहेत, ते त्यांची खुर्ची देणार आहेत. याच्या कंपनीतली दोन पोरं म्हणतात, आम्ही आईंना खुर्चीत बसवून वर आणतो. एकदा वर आल्या की उतरायचं कामच नाही.

बाळ आता लाथा मारतं. काउंटरवर पावत्या लिहिताना अक्षर हलतं.

आईंचं तिकीट आम्ही काढू. फक्त हो म्हणा.

तुमची सून

*

२२ मार्च

चि. सूनबाई,

तिला पाठवता येणार नाही. खुर्चीचा प्रश्न नाही. पुन्हा विचारू नकोस.

एखादी बाई बघा. थोडी ओढाताण होईल, पण निभेल. सगळ्यांचं निभतं.

तब्येत सांभाळ. जड उचलू नकोस.

बाबा

*

२ एप्रिल

बाबा,

नाही म्हणायचं तर सरळ नाही म्हणा, त्यात गुडघे कशाला आणता? मी काय समजायचं ते समजले. तुम्हाला न विचारता तुमच्या मुलानं माझ्याशी लग्न केलं, त्याची सव्याज वसुली चाललीय. माझ्यावर राग धरा, माझी काही तक्रार नाही, पण जे अजून जन्मलंही नाही त्यानं तुमचं काय घोडं मारलंय?

आणि आई. त्यांनी स्वतः दोन ओळी तरी लिहायच्या होत्या. स्वेटर पाठवतात आणि शब्द पाठवत नाहीत. त्या तिसऱ्या बाहीवर मी वेड्यासारखी हसले. आता वाटतं, लक्ष नसताना उरकलेलं काम होतं ते.

तुम्हाला त्रास दिल्याबद्दल माफ करा. आता देणार नाही.

*

१९ मे

ती. बाबा,

काय लिहू कळत नाही, तरी लिहायलाच हवं.

कंपनीनं याला तुमच्या बाजूला एका इस्पितळाच्या लिफ्टसाठी पाठवलं होतं. तो तुमच्याकडे येणार हे मलाही माहीत नव्हतं. तुम्ही भाजी घेऊन आलात तेव्हा तो पायरीवर बसलेला होता. त्याच्या आधी दारात काय झालं ते त्यानं तुम्हाला सांगितलेलं नाही. मला मात्र घरी आल्यावर सांगितलं, तेही भिंतीकडे बघत.

दार आईंनीच उघडलं. त्याच्या हातातली हत्यारांची पेटी बघून म्हणाल्या, "सिलिंडरवाले का? मागच्या दारानं या, इथली लादी ओली आहे." हा म्हणाला, "आई, मी आहे." तर म्हणाल्या, "थोडं थांबता का? माझा ढब्बू शाळेतनं येईल इतक्यात. मला नोटा कळत नाहीत आताशा. त्याला हिशेब छान येतो." हा म्हणाला, "बरं, थांबतो मी." आणि पायरीवर बसला. आईंनी त्याला आतून पाणी आणून दिलं.

बाबा, मी जे लिहिलं होतं ते पत्र फाडून टाका. मला आई नाही, त्यामुळे माणसाची आई असून नसल्यासारखी होऊ शकते हे मला सुचलंच नाही.

पण तुम्ही एकटे कसे करता सगळं? दोघंही इकडे या. जागेचं बघू.

तुमची सून

*

२८ मे

चि. सूनबाई,

पत्र फाडलं नाही. तुझं काही चुकलं नव्हतं. मी दुसरं काही समजायला जागाच ठेवली नव्हती.

दीड वर्ष झालं. आधी गॅस उघडा राहायचा. मग एकदा भाजीबाजारातून घरी यायचा रस्ता सापडेना, ओळखीच्या शिंप्यानं आणून सोडलं. मग माणसं चुकायला लागली. डॉक्टर म्हणाला, याला औषध आहे पण उतारा नाही. तुम्हाला कळवलं नाही, कारण मला माझा पोरगा माहीत आहे. माझ्याशी कितीही भांडला असला तरी आईसाठी त्यानं दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली असती. तुम्ही दोघं चौथ्या मजल्यावर चादरी फाडून लंगोट शिवताय, आणि मी त्या पोटावर पाय देऊ? आणि खरं सांगू, मला वाटायचं, जोवर कुणाला सांगितलं नाही तोवर ते झालेलंच नाही.

ती तिसरी बाही मला दिसली होती. तुझी सासू चौथी घालायला निघाली तेव्हा मी सुया काढून घेतल्या. उसवायला हात धजला नाही. तसंच बांधून दिलं.

तिकडे यायचं म्हणतेस. या घरात नळ कुठे, मोरी कुठे, हे तिच्या पायांना ठाऊक आहे. तिथे ती पहिल्या पावलालाच हरवेल. आम्ही इथेच बरे.

ढब्बू त्या दिवशी पायरीवरून उठला आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. कांदे-बटाटे वेगळे केले, भाजी निवडली, दोन भांडी घासली आणि गेला. आमचं भांडण मिटलं म्हणायचं.

बाबा

*

१४ ऑगस्ट

ती. बाबांना नमस्कार,

तार पोचली असेलच. तुमची नात आता महिन्याची झाली. नाक तुमचं आहे, तेवढं सोडलं तर छान आहे. (हे वाक्य यानं सांगितलं म्हणून लिहिलं.)

टबाची कड घासून घेतली होती, चिंधीही लावलीय. स्वेटर अजून मोठं होतं.

बाई ठेवायची नाही असं ठरलं. हा दुसऱ्या पाळीला जाणार, मी पहिल्या. मी दुपारी लाँड्रीतून सुटणार आणि त्याच वेळेला हा निघणार. म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बाळ या हातातून त्या हातात, आणि नवरा-बायकोची भेट तेवढीच. तो म्हणतो, लग्नाआधीसुद्धा आपण एवढं चोरून भेटत नव्हतो.

आईंना सांगा, नात झाली.

तुमची सून

*

२ सप्टेंबर

चि. सूनबाईस आशीर्वाद,

सांगितलं. रोज सांगतो. रोज तिला नव्यानं आनंद होतो. "अगं बाई, कधी?" म्हणते आणि टाळी वाजवते. एकाच बातमीचा इतक्यांदा आनंद झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. सुरुवातीला मला रडू यायचं. आता सकाळी चहा टाकला की मीच वाट बघतो, कधी एकदा सांगतो असं होतं.

तू कामावर रुजू होण्याआधी एकदा बाळाला घेऊन या. प्रवासाचं मी बघतो. ती दिवसा बरी असते. फार काही अपेक्षा नाही माझी. ढब्बूच्या आईच्या मांडीवर ढब्बूचं मूल एकदा बघायचंय.

बाबा

*

२० ऑक्टोबर

ती. बाबा,

सुखरूप पोचलो. जे तुम्ही पाहिलं नाहीत तेवढं तुम्हाला सांगते, त्याला सांगितलेलं नाही.

सकाळी आईंनी बाळाला घेतलं तेव्हा तुमचा चेहरा मी पाहिला. त्या "ढब्बू, ढब्बू" म्हणत होत्या आणि आपण हसत होतो. मुलगी आहे हे तुम्ही दोनदा सांगितलंत, मग तुम्हीही सोडून दिलंत. मीही म्हटलं, नावात काय आहे. मूल आजीकडे आहे ना.

दुपारी तुम्ही दोघं औषध आणायला गेलात. आई बाळाला थोपटत होत्या. माझ्याकडे बघून एकदम गोड हसल्या आणि म्हणाल्या, "चांगली आहेस हो तू. माझ्या लेकराला नीट ठेवलंस. कुठे लाल झालेलं नाही, काही नाही. आता मी आलेय. आता तू जा. तुझ्या घरी वाट बघत असतील."

मी म्हटलं, "आई, मी सून तुमची."

त्या म्हणाल्या, "हो गं, लेकीसारखीच तू." आणि कमरेची पिशवी सोडून माझ्या हातात नोटा ठेवल्या. मी नको म्हटलं. "असं कसं? कष्टाचे आहेत," म्हणाल्या. बाबा, बाई ठेवणं परवडत नाही म्हणून मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं होतं. आणि त्या माझ्याच बाळाची बाई म्हणून मला पगार देत होत्या, तोही मोठ्या मनानं. मी घेतला. नोटा तुमच्या घड्याळामागे आहेत.

त्यानंतरचं तुम्ही पाहिलंच. रिक्षा दारात, हा पिशव्या घेऊन उभा, आणि मी त्यांचं एकेक बोट सोडवत होते. "चोर, चोर" म्हणून त्या किंचाळल्या तेव्हा शेजारणी बाहेर आल्या. मला त्यांची नाही, स्वतःची लाज वाटली. माझंच मूल आणि मी ते खरंच कुणाचं तरी पळवून नेतेय असं रिक्षात बसेपर्यंत वाटत होतं. अजूनही वाटतं.

आई कशा आहेत?

तुमची सून

*

१ नोव्हेंबर

चि. सूनबाई,

विचारलंस म्हणून सांगतो. नाहीतर सांगणार नव्हतो.

ती शोधतेय. पलंगाखाली, ट्रंकेत, धुण्याच्या बादलीत. शेजारच्या घरात जाऊन त्यांची कपाटं उघडते. ती माणसं चांगली आहेत, उघडू देतात. रस्त्यावर कुठलंही मूल रडलं की चप्पल न घालता धावते. माझ्याशी बोलत नाही. मी मूल विकलं असं तिनं दूधवाल्याला सांगितलं. तो बिचारा मला विचारायला आला.

माणसं विसरली, जेवणखाण विसरली, स्वतःचं वय विसरली. आणि तेवढं एक लक्षात राहिलं. नात झाल्याची बातमी रोज विसरायची, आणि मूल हरवल्याचं मात्र रोज आठवतं.

बोलवायचा हट्ट माझा होता. तू मनाला लावून घेऊ नकोस. ज्याचं मूल त्यानं घरी न्यायचं नाही तर काय करायचं?

पण आता बाळाला आणू नका. ढब्बूला तू समजाव. मी लिहिलं तर त्याला टोचेल.

बाबा

*

१३ नोव्हेंबर

ती. बाबा,

त्याला सांगितलं. "बरं," म्हणाला आणि कामावर गेला. त्या दिवशी जिन्यात त्यानं बाळ माझ्याकडे द्यायला जरा वेळ लावला.

सोबत बाळाचं टोपडं पाठवतेय. वापरातलं आहे, मुद्दाम धुतलेलं नाही. लाँड्रीत काम करणारी बाई न धुतलेलं कापड पोस्टानं पाठवते, मालकिणीला कळलं तर काढून टाकेल. दूध आणि तेल, दोन्हीचा वास आहे त्याला. आईंच्या हातात द्या. म्हणावं, बाळ झोपलंय, हे तुमच्याकडे ठेवायला दिलंय. कदाचित शोधायच्या थांबतील.

याहून काही करता येत नाहीये, बाबा. सुचलं तर सांगा.

तुमची सून

*

१८ डिसेंबर

चि. सूनबाईस आणि चि. ढब्बूस आशीर्वाद,

उत्तराला उशीर झाला. रोज लिहायला बसायचो आणि रोज वाटायचं, उद्याचं बघून लिहू.

टोपडं आलं त्याच्या आदल्या आठवड्यातच ती थांबली होती. मला आधी कळलंच नाही. सकाळी मी सवयीनं पलंग सरकवून ठेवला, तिला वाकून बघायला सोपं जावं म्हणून. ती आलीच नाही. खिडकीशी बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही. रस्त्यावर मूल रडलं, तिनं मानही वळवली नाही. शेजारची बाई म्हणाली, बरं झालं हो, सुटली बिचारी. मीही हो म्हटलं.

सुटली खरी. ओरडत होती, मला शिव्या देत होती, तोवर ती कुणाची तरी आई होती. आता ती शांत आहे आणि मला तिच्याशी काय बोलावं ते कळत नाही. नात झाली म्हणून सांगितलं. "हो का?" म्हणाली. टाळी नाही वाजवली.

तरी तू सांगितलं होतंस म्हणून टोपडं तिच्या हातात दिलं. तिनं उलटंसुलटं करून पाहिलं. नाकाशी नेलं. मग तिनं ते मांडीवर ठेवून नीट घडी घातली, तळव्यानं दाबून बसवली, आणि माझ्यापुढे धरलं. म्हणाली, "अहो, कुणाचं तरी राहिलंय इथे. लहान मूल आहे घरात त्यांच्या, शोधत असतील. देऊन या."

मी म्हटलं, बरं. चपला घातल्या. कोपऱ्यापर्यंत गेलो, पानवाल्याजवळ थोडा उभा राहिलो आणि परत आलो. "दिलंत?" तिनं विचारलं. दिलं म्हटलं. "खूश झाले असतील," म्हणाली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली.

तेव्हा आता तुम्ही या. सुट्टी मिळेल तेव्हा या, बाळाला घेऊन या, पाहिजे तेवढे दिवस राहा. आता काही होणार नाही. ती मूल हातात घेईल आणि मागितलंत की लगेच परत देईल.

बाबा